शेवटच्या ओळीतलं नाव

लावणी संपत आली की शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव येतं. फडातली माणसं त्याला छाप म्हणतात. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), यांची लावणी उभी राहिली की गाणारीच्या तोंडून त्यांचं नाव आपोआप येतं. कुणी वेगळं सांगावं लागत नाही, कारण ते चालीत, मात्रांत आणि यमकात बसवलेलं असतं. लावणी तोंडातोंडी जायची, एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरायची, एका फडातून दुसऱ्या फडात पळायची. नाव तिच्या पोटातूनच प्रवास करायचं. ते काढायचं तर शेवटचं कडवं नव्याने बांधावं लागे, आणि ज्याला ते नेटकं बांधता येतं त्याला दुसऱ्याची लावणी उचलायची गरज फारशी नसते.

आज लिहिलेल्या मजकुराला असं संरक्षण नाही. नाव मजकुराच्या खाली, एक ओळ सोडून असतं. फोनवर बोट टेकवून मजकूर निवडताना ती ओळ सुटली की नावही सुटतं. गेली काही वर्षं तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरज या भागातल्या लिहित्या माणसांची ही सर्वांत मोठी तक्रार आहे, आणि याच तक्रारीतून हा संग्रह तयार झाला. यात शिक्षक आहेत, वार्ताहर आहेत, कीर्तनकार आहेत, वकिली करणारे आहेत, द्राक्षबागा सांभाळून कविता लिहिणारे आहेत. विषय एकच: दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून सांगणं म्हणजे नेमकं काय, आणि आपलं म्हणावं असं लेखन तरी कशाला म्हणायचं.

या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा पाश्चात्त्य विद्यापीठांचे नियम आणि कॉपीराइटचे कायदे यांपासून सुरू होते. मराठी वाचकाने तिथून सुरुवात करायचं कारण नाही. आपल्याकडे हा वाद निदान अकराशे वर्षं चालू आहे.

नवव्या आणि दहाव्या शतकांच्या सांध्यावर होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. त्याचे पणजोबा अकालजलद ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणून ओळखले जात, म्हणून त्याच्याकडे थोड्या आपलेपणाने पाहायला हरकत नाही. त्याने शब्द उचलणं आणि अर्थ उचलणं यांची सलग काही अध्यायांत चिरफाड केली आहे. अर्थ तोच ठेवून फक्त वाक्य फिरवलं तर ते प्रतिबिंब. थोडे संस्कार करून वेगळं भासवलं तर ते चित्र. विषय निराळा असून साम्य इतकं की एकच वाटावं, तर ते सारख्या देहाचं. मूळ एकच, पण बांधणी पार बदललेली, तर तो दुसऱ्याच्या नगरात केलेला प्रवेश. त्याच्या आधी काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त यातले पहिले तीन प्रकार सांगून निवाडाही दिला होता: प्रतिबिंब आणि चित्र टाळावं, पण सारख्या देहाचं टाळायचं कारण नाही, कारण दोन माणसांचे चेहरे सारखे असले तरी जीव वेगळे असू शकतात. आजच्या कुठल्याही विद्यापीठाच्या नियमावलीपेक्षा हा विचार मला अधिक सूक्ष्म वाटतो. आनंदवर्धन किती शब्द जुळले हे मोजत नाही, रचनेत जीव नवा आहे का हे विचारतो.

राजशेखर मात्र व्यवहारी माणूस. चोरी न करणारा कवी नाही आणि चोरी न करणारा व्यापारीही नाही, जो लपवू शकतो तो निभावतो, असं तो स्वच्छ सांगतो. त्याची विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिचं मतही त्याने नोंदवलं आहे, आणि ते वाचताना आजचीच कुणीतरी व्यक्ती बोलते आहे असं वाटतं. दुसऱ्याचं घ्यायला कोणकोणती कारणं पुरतात याची ती यादी आहे: तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध, त्याला मान नाही, मला आहे, त्याचा कर्ता लांबच्या देशातला, त्याचं मूळ पुस्तक आता मिळत नाही, त्याचे बोल गुळवेलीसारखे, माझे द्राक्षासारखे. तासगावात बसून हा शेवटचा मुद्दा वाचताना गंमत वाटेल, पण यादी गंभीर आहे. गेल्या अकराशे वर्षांत या सबबींमध्ये नव्या सबबीची भर पडलेली मला दिसत नाही. गावातल्या कवीची कविता शहरातला वक्ता स्वतःची म्हणून म्हणतो तेव्हा पहिली सबब असते. इंग्रजी लेख उतरवून मराठी पुरवणीत स्वतःच्या नावावर दिला जातो तेव्हा तिसरी.

संतसाहित्यात हाच प्रश्न भक्तीच्या अंगाने येतो, आणि मराठी माणसाला तो तिथेच अधिक लवकर कळतो. देहूतला हरिदास सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावाने म्हणत असे, अशी परंपरा आहे. तुकोबांच्या गाथेत त्याच्यावरचे अभंगही आहेत आणि त्यांतला राग लपलेला नाही. तंत्र म्हणून पाहिलं तर चोरी सोपी होती. अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ ही चार अक्षरांची मुद्रा. तिथे दुसरं दोन अक्षरी नाव घातलं की छंद जसाच्या तसा राहतो. लावणीची लांबलचक छाप उपटणं जितकं कठीण, तितकंच हे सोपं. मुद्रा नाव हरवू देत नाही, पण नाव बदलणाऱ्याचा हात धरण्याचं बळ तिच्यात नाही.

तुकोबांचा राग समजून घेण्यासारखा आहे. ज्याने आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडालेल्या पाहिल्या असं परंपरा सांगते, त्याला कीर्तीची हाव होती असं कुणी म्हणणार नाही. माझ्या मते तो राग अनुभवाच्या खोटेपणाचा होता. जे मी भोगून सांगितलं, ते न भोगता हा सांगतो, आणि ऐकणारे त्याला भोगलेला समजतात. वाङ्मयचौर्याची ही बाजू कायद्यात कधीच आली नाही, पण ज्याचा मजकूर उचलला जातो त्याला सर्वांत आधी हेच टोचतं.

याच परंपरेत उलटा प्रकारही आहे, आणि या संग्रहात त्याला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. स्वतःचं लेखन मोठ्याच्या नावावर खपवणं. नामदेवांनंतर ‘नामा’ ही मुद्रा वापरणारे आणखी कवी झाले. सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा त्यांतला सर्वांत ठळक. पुढे गाथा संकलित होताना त्यांच्या रचना एकमेकींत मिसळल्या, आणि त्या सोडवण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खपल्या. ज्ञानेश्वरीत पाठ घुसवणारेही कमी नव्हते. म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं की जो कुणी यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. हा इशारा देणारा माणूस स्वतःच्या अभंगांत आपलं नाव एकटं कधी येऊ देत नाही. ‘एका’ला लागून ‘जनार्दनी’, आपल्याला लागून गुरू. कुणाकडून काय आलं हे रचनेतच नोंदवण्याचा याहून सुंदर नमुना मला माहीत नाही. शाहिरांतही असाच एक नमुना आहे. होनाजी शिलारखाने रचायचा आणि बाळा करंजकर गायचा. लोकांनी आणि छापेने दोघांनाही धरून ठेवलं, आणि आजही आपण ‘होनाजी बाळा’ असंच म्हणतो.

इथून एकोणिसाव्या शतकात आलं की प्रश्नाचा चेहरा बदलतो. इंग्रजी पुस्तकं आली, छापखाने आले, आणि मराठी गद्याचं बरंचसं पहिलं पीक भाषांतरित किंवा बेतलेलं निघालं. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्या कादंबरीवर बेतलेली आहे. पण हा विषय नीट पाहायचा असेल तर सांगलीइतकं चांगलं ठिकाण नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले, आपल्याकडेही असं काही व्हावं असं त्यांच्या मनात आलं, आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. मराठी रंगभूमीचा जन्म म्हणून आपण जो दिवस साजरा करतो, तो शेजारच्या भाषेतला खेळ पाहून आपल्या भाषेत काही घडवल्याचा दिवस आहे. रंगभूमीच्या प्रत्येक इतिहासात हे मूळ नोंदलेलं आहे, आणि त्यामुळे भाव्यांचा मान तिळभरही कमी झालेला नाही.

सांगलीला लागूनच असलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांचं उदाहरण तर या संपूर्ण पुस्तकाचा कणा म्हणावा असं आहे. देवलांची नाटकं सात. त्यांतलं ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून, ‘मृच्छकटिक’ शूद्रकावरून, ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासावरून, ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून, ‘दुर्गा’ही इंग्रजीवरून. ‘संशयकल्लोळ’ची वाट तर फार लांबची आहे: मोलिएरची १६६० सालची फ्रेंच प्रहसनिका, तिच्यावरून आर्थर मर्फीचं इंग्रजी नाटक, त्यावरून देवलांचं १८९३ मधलं गद्य ‘फाल्गुनराव’, आणि त्यातून १९१६ साली संगीत ‘संशयकल्लोळ’. स्वतंत्र असं एकच, ‘शारदा’ (१८९९). आजच्या मोजपट्टीने पाहिलं तर सातांतली सहा नाटकं उसनी. तरीही फाल्गुनराव पाहताना एखाद्याला पॅरिस आठवलं असेल असं मला वाटत नाही. संशयी नवरा, तसबीर, घरातल्या बायकांची बोलण्याची ढब, सगळं इथलं. आनंदवर्धनाची कसोटी लावली तर जीव नवा आहे. आणि ज्याने सहा वेळा दुसऱ्याचा सांगाडा घेऊन त्यात इथलं रक्त भरलं, त्यालाच सातव्या वेळी ‘शारदा’ लिहिता आली. उसनं घेणं आणि स्वतंत्र लिहिणं एकमेकांचे शत्रू आहेत या समजुतीला मला यापेक्षा चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

मग चोरी कुठे सुरू होते? या पुस्तकातल्या लेखकांची उत्तरं वेगवेगळी आहेत. माझं उत्तर असं: घेण्यात चोरी नाही, आल्या वाटेची खूण पुसण्यात आहे. देवलांनी मर्फीचं घेतलं हे जगाला माहीत होतं आणि माहीत राहिलं. सालोमालोने दोन अक्षरं पुसली. भाव्यांमागे कर्नाटकातली मंडळी दिसतात. उचललेल्या भाषणामागे कुणीच दिसत नाही.

स्वतःच्या अंतःकरणातून, कुणाचंही बोट न धरता लिहिणारा तोच खरा कवी, हा विचार आपल्याकडे उशिरा आला. युरोपात १७५९ साली एडवर्ड यंगने स्वतंत्र रचनेवर निबंध लिहिला, पुढच्या पिढ्यांनी त्याचं तत्त्वज्ञान केलं, आणि इंग्रजी शिकलेल्या केशवसुतांच्या पिढीबरोबर ते मराठीत रुजलं. त्याने मराठी कवितेचं भलं झालं, हे नाकारण्याचं कारण नाही. पण त्या बरोबरीने एक भीतीही आली. कुणाकडून घेतलं हे सांगितलं तर आपण लहान ठरू, ही भीती. पूर्वी गुरूचं नाव घेणं मानाचं होतं. आता प्रभाव कबूल करणं कमीपणाचं झालं. माझा कयास असा की अनेक लेखक ‘आधारित’ हा शब्द शीर्षकाखाली छापत नाहीत त्यामागे कावा कमी आणि ही भीती जास्त असते. उपाय म्हणून शिक्षेपेक्षा ही भीती घालवणं मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर संग्रहात सविस्तर लेखन आहे आणि ते जाणत्याने केलेलं आहे. इंग्लंडात १७१० साली पहिला ग्रंथस्वामित्वाचा कायदा झाला, १८८६ मध्ये बर्न इथे अनेक देशांचा करार झाला, आणि भारताचा सध्याचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लिहिलं त्या क्षणी हक्क निर्माण होतो, हे आपल्या भागातल्या फार थोड्या लेखकांना ठाऊक आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. एक, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की कल्पनेवर कुणाची मालकी नाही, कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपावर आहे. आनंद यांचं नाटक ‘हम हिंदुस्तानी’ आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांचा विषय जुळत होता, तेवढ्याने नक्कल सिद्ध झाली नाही. दुसरी, कलम ५७. हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिलं’ असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. पैसा आणि नाव कायद्याने वेगळे ठेवले आहेत. पैसा हस्तांतरित होऊ शकतो, नाव होत नाही.

विद्यापीठांनी मात्र भलतीच वाट धरली असं माझं मत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत साम्याची टक्केवारी ठरवली आहे: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्यांवर शिक्षा वाढत जाते. हेतू चांगला आहे. पण शब्द जुळवणाऱ्या यंत्राला राजशेखराने सांगितलेल्यांपैकी फक्त शब्द उचलणं कळतं, तेही एकाच भाषेत असेल तर. इंग्रजी प्रकरण घेऊन मराठीत उतरवलं की शब्द जुळतच नाहीत आणि अहवाल स्वच्छ येतो. मग शिकवलं काय जातं, तर शब्द बदला. विद्यार्थ्याला आपण नेमकी तीच कला शिकवत आहोत जिला आनंदवर्धनाने त्याज्य म्हटलं.

तासगावच्या माणसाला हा सगळा गुंता एका गोष्टीतून पटकन समजतो, ती म्हणजे द्राक्षाची काडी. आपल्या तालुक्यातल्या बोरगावात थॉमसन सीडलेसच्या बागेत वेगळा दिसणारा वेल एका बागाईतदाराच्या नजरेत भरला. त्याची काडी घेऊन जी जात पुढे आली ती तास-ए-गणेश. सोलापूरकडच्या नान्नजला त्याच थॉमसनमधून सोनाका आणि माणिक चमन निघाल्या. कुणीही शून्यातून नवा वेल केला नाही. हजारो वेलींतला एक वेगळा आहे हे पाहणं, तो जपणं, पुन्हा पुन्हा लावून तो तसाच येतो याची खात्री करणं, हे काम त्यांनी केलं, आणि ते अस्सल काम आहे. आता ज्या थॉमसनमधून हे सगळं आलं त्याचं काय? विल्यम थॉमसन हा कॅलिफोर्नियातला बागाईतदार. १८७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रोपवाटिकेतून मागवलेल्या काड्यांतली एक त्याच्याकडे जगली. ती मुळात पश्चिम आशियातली जुनी किशमिश, सुलतानिना. जात त्याने निर्माण केली नव्हती. नाव मात्र त्याचं लागलं आणि जगभर गेलं. ज्या शेतकऱ्यांनी शतकानुशतकं ती बिनबियांची जात राखली, त्यांची नावं कुठेच नाहीत. भारताने २००१ साली पीक वाणांचा कायदा केला तेव्हा शेतकऱ्याला आपलं वाण आपल्या नावाने नोंदवता येईल अशी तरतूद घातली, ती या अन्यायाचीच उशिरा घेतलेली दखल आहे. लेखनात मात्र अशी दखल घेणारी व्यवस्था आपण अजून गावपातळीवर उभी केलेली नाही.

आणि ती आताच का हवी, हे सांगायला मी पुन्हा बागेतच जातो. ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाळी हवा झाली की डाऊनी आणि करप्यासाठी काय फवारायचं याचे सल्ले फोनवर धो धो येतात. बरेचसे चांगले असतात, कुणीतरी अनुभवी माणसाने मन लावून लिहिलेले. पण फिरता फिरता त्यांतून तीन गोष्टी गळतात: लिहिणाऱ्याचं नाव, तारीख आणि कुठल्या भागासाठी लिहिलं ते. मग सावळजच्या हवेसाठी लिहिलेलं, फळधारणेच्या आधीचं वेळापत्रक दुसऱ्या तालुक्यात मणी फुगल्यावर वापरलं जातं. काढणीपूर्वी किती दिवस औषध थांबवायचं हा आकडा टप्प्याटप्प्यावर बदलतो, आणि विचारायचं कुणाला हेच कळत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा रसायनाची मात्रा आणि वेळ चुकली तर काय होतं हे साऱ्या द्राक्षपट्ट्याने पाहिलं. मजकुराखालचं नाव लेखकाचा मान तर राखतंच, पण शंका आली तर कुणाचं दार वाजवायचं हेही सांगतं.

कवितेचं नुकसान वेगळं, पण तितकंच खरं. आपल्याकडच्या कवीला कवितेचे पैसे जवळपास कधीच मिळत नाहीत. त्याला मिळतं ते नाव. औदुंबरच्या संक्रांतीच्या संमेलनासारख्या ठिकाणी एखादी कविता उठून दिसली, की त्या नावाने पुढच्या गावचं निमंत्रण येतं, शाळेत बोलावणं येतं, दिवाळी अंकाचं पत्र येतं. हीच त्याची कमाई. कविता फोनवर गेली की पहिल्या फेरीत नाव गळतं. दुसऱ्या फेरीत कुणीतरी सद्भावनेने खाली ‘अज्ञात’ लिहितं. तिसऱ्या फेरीत तिथे कुसुमाग्रज, पु. ल. देशपांडे, व. पु. काळे किंवा नाना पाटेकर येतात, कारण मोठ्या नावाचं जास्त वाचलं जातं. आता मूळ कवीने आपलीच कविता म्हटली तर समोरचे म्हणतात, ही तर अमुक यांची. नाथांनी ज्या नरोटीबद्दल बजावलं ती ही. तिच्यामुळे गावातला कवी पुसला जातो, आणि पु. लं.च्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेलं पांचट वाक्य चिकटून राहतं. पुढाकार घेणारा खलनायक यात बहुधा कुणी नसतो. म्हणूनच हे थांबवणं कठीण आहे. ‘अज्ञात’ लिहिणाऱ्याला मी विशेष जबाबदार धरतो. जो हयात आहे, दोन गावं पलीकडे राहतो, ज्याचा फोन लागतो, तो अज्ञात नसतो. त्याला शोधलेलं नसतं.

आता यंत्रंही सांगताक्षणी मराठी मजकूर लिहून देतात. त्यांनी कुणाकुणाचं वाचून ते जमवलं हे त्या मजकुरात दिसत नाही. त्यावरचे वाद जगभर कोर्टांत चालू आहेत, त्यांचा निकाल काय लागेल ते लागो. आपल्यापुरता प्रश्न साधा आहे: ज्या भाषेत छापील आणि डिजिटल मजकूर मुळातच कमी, तिथे एकेका लिहिणाऱ्याचा वाटा मोठा असतो. त्या वाट्याची नोंद ठेवली नाही तर उद्या ही भाषा कुणी सांभाळली हे सांगता येणार नाही.

नोंद ठेवता येते याचा पुरावा मराठीतच आहे. जात्यावरच्या ओव्या शतकानुशतकं बायकांनी रचल्या, आणि छापताना आपण त्यांना सरसकट ‘लोकसाहित्य’ म्हणून मोकळे झालो, जणू त्या लोकांनी, म्हणजे कुणीच नाही, रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांनी ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही लिहून घेतलं. एवढा साधा रकाना. त्या रकान्यामुळे जिला सही करता येत नव्हती ती बाई आज आपल्या ओवीच्या शेजारी नावानिशी उभी आहे. ओवी तिने आजीकडून घेतली असेल, दोन शब्द बदलले असतील. ते सगळं खरं, आणि तरी त्या घटकेला ती तिच्या गळ्यातून आली हेही खरं. परंपरा सगळ्यांची आहे म्हणून कुणाचंच नाव नको, या युक्तिवादाला या रकान्याने उत्तर दिलं आहे.

हा संग्रह त्याच रकान्याच्या वाटेने जायचा प्रयत्न करतो. यात चोरांची यादी नाही. अशी यादी करावी असा आग्रह काहींनी धरला होता, तो मी मानला नाही. आरोप सिद्ध करायला कोर्ट आहे, आणि गावात एकमेकांची तोंडं रोज पाहायची असतात. त्याऐवजी इथे मजकुराचे प्रवास आहेत. एक कविता वहीतून संमेलनात, तिथून फोनवर, तिथून निरोप समारंभाच्या भाषणात कशी गेली आणि कुठे काय गळलं. एक कीर्तनकार आख्यान रचताना कुणाकुणाचं घेतो आणि ते श्रोत्यांना कसं सांगतो. कवलापूरसारख्या तमाशाच्या गावात लिहून न ठेवलेल्या वगांवर हक्क कुणाचा मानला जायचा. शाळेतल्या निबंधाच्या तयार वह्यांनी मुलांना काय शिकवलं. लेखकांची मतं जुळत नाहीत, आणि ती जुळवायचा प्रयत्न मी संपादक म्हणून केलेला नाही. कीर्तनकारांना वाटतं की भगवंताच्या नामावर कुणाची मालकी नाही; वकिलीतल्या लेखकाला वाटतं की ही पळवाट आहे. दोन्ही लेख शेजारी शेजारी ठेवले आहेत.

छपाईत एक नियम पाळला आहे. प्रत्येक लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लेखकाचं नाव आणि गाव वाक्यात ओवलेलं आहे, लावणीतल्या छापेसारखं, म्हणजे लेख उचलला तरी तोडल्याशिवाय ते सुटू नये. कल्पना, उदाहरण किंवा रचना दुसऱ्याकडून आली असेल तिथे त्या लेखकाने ते लेखातच सांगितलं आहे. फिरत्या मजकुरांचे जे नमुने छापले आहेत त्यांतल्या काहींचे मूळ लेखक आम्हाला सापडले, त्यांची परवानगी घेऊन त्यांची नावं घातली. ज्यांचे सापडले नाहीत, त्यांच्याखाली ‘अज्ञात’ लिहिलेलं नाही. तो मजकूर कोणत्या महिन्यात, कोणत्या गावात हाती आला एवढं लिहून नावाची जागा मोकळी सोडली आहे. वाचकांपैकी कुणी तो मजकूर ओळखला, किंवा तो ज्याचा आहे त्याच्याच हाती हे पुस्तक पडलं, तर प्रकाशकांना कळवावं. पुढच्या आवृत्तीत त्या जागी नाव छापलं जाईल.

तासगाव